नलूने हलवलेली बुधाची शेपटी

नलू गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. मी भाजी घेऊन वर येत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "घरी कधी आणणार आहेत?" कोणाला, असं मी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात तिला भेटून आले होते, तेव्हाच मनात आलं होतं की आता… असो. मेथीची जुडी घरी ठेवली आणि खाली जाऊन तिचं दार उघडलं. किल्ली माझ्याकडेच असायची.

आमची ओळख नाहूरची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला, त्याच्याही आधीची. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं वाचून वाचून आणि विचारून विचारून. नलूला विचारणं सोपं होतं, ती कंटाळायची नाही. इन्स्टिट्यूटमध्ये तू दिवसभर करतेस काय, असं विचारलं तर म्हणाली, सूर्याचा वारा बघते. मला वाटलं हवामान खातं. मग तिने नीट सांगितलं. सूर्यातून विजेने भारलेल्या कणांचा झोत सतत निघत असतो, त्याला प्लाझ्मा म्हणायचं. ग्रहाला स्वतःचं चुंबकत्व असेल तर तो झोत समोर अडतो, बाजूने वळतो, आणि ग्रहाच्या पाठीमागे त्या चुंबकत्वाची लांब शेपटी ओढली जाते. तिथे जाऊन रोज कोण बघणार? म्हणून ही कॉम्प्युटरमध्ये एक बॉक्स मांडायची, मधे ग्रह ठेवायची, एका बाजूने कण सोडायची आणि ते कुठे कुठे जातात ते गणिताने काढायची. ग्रह बुध. बुधच का, तर म्हणे छोटा आहे, आमच्या कॉम्प्युटरला परवडतो. मी म्हटलं, म्हणजे आपण वन रूम किचन घेतलं तसंच की गं हे.

प्राजक्ता तिची विद्यार्थिनी. दहिसरहून यायची, रविवारीसुद्धा. दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या की मला पोहे नेऊन द्यावे लागत, नाहीतर तशाच राहायच्या. त्या दोघींना दिसलं की बुधाची ती शेपटी एका ठरावीक लयीत हलते, झोपाळ्यासारखी. दोघींच्या नावाने लेख छापून आला. नलूचाच प्रोग्रॅम घेऊन परदेशातल्या लोकांनी करून पाहिलं, त्यांनाही तेच दिसलं. प्राजक्ताची पीएचडी त्याच्यावरच झाली. नलूला कुठेही बोलावलं तरी ओळख करून देताना आधी तो हेलकावा यायचा, मग नलू.

रिटायर झाल्यावर तिने घरी एक दांडगा कॉम्प्युटर आणला. त्याचा पंखा असा घोंघावायचा की शेजारच्यांना वाटलं, बाईंनी घरात गिरणी घातली. त्याच्यावर तिने तेच जुनं काम पुन्हा केलं, फक्त बॉक्स मोठा घेतला. एका दुपारी माझ्याकडे आली आणि परात मागितली. ओट्यावर ठेवून पाणी ओतलं, मधोमध बोट टेकवलं. पाण्याचं कडं काठापर्यंत गेलं आणि काठाला लागून परत आलं.

"ही परत आलेली लाट आहे ना, ती मी इतकी वर्षं बुधाची समजले," ती म्हणाली. "बॉक्सच्या मागच्या भिंतीतून ती बाहेर जायला हवी होती. माझी भिंत तिला परत पाठवत होती. आता बॉक्स मोठा केला तर हेलकावा लांबला. माझा बॉक्स केवढा आहे, हे बुधाला कसं कळणार, सुमन?"

मी म्हटलं, बुध काही तक्रार करायला येत नाही. ती हसली नाही.

तिच्या दुखण्याचं निदान तेव्हा झालेलं होतं, त्यामुळे ही चूक जाहीर करायची तर थांबायला वेळ नव्हता. आणि नेमकी तेव्हाच प्राजक्ताची कायमच्या नोकरीची मुलाखत होती. तिने फोनवर विनवलं, मॅडम, मुलाखत होईपर्यंत थांबा. नलू नुसतं बघू म्हणाली आणि त्याच आठवड्यात, लेख छापलेल्या मासिकाला दुरुस्ती पाठवून मोकळी झाली. मला मटार सोलता सोलता सांगितलं. भिंत मी घातली, चूक माझी, प्राजक्ताचा संबंध नाही, असं लिहिलं होतं. खाली नाव फक्त स्वतःचं. मुलगी सुटली, याचं तिला समाधान होतं.

प्राजक्ताला नोकरी मिळाली. ती दुरुस्ती छापून आली आणि तिचे फोन बंद झाले. नलूचा मोबाईल मात्र दवाखान्यात उशाशीच असायचा. शेवटच्या भेटीत एवढंच म्हणाली, "रागावली असेल गं. थांबले नाही ना मी…"

मागच्या रविवारी प्राजक्ता आली. मी नलूचं दार उघडून दिलं. तिने आधी खिडकी उघडली आणि मग विचारलं, मॅडम माझ्याबद्दल काही बोलल्या का? मी जसंच्या तसं सांगितलं.

"थांबा म्हटलं होतं मी, काकू. नाव काढा असं नव्हतं म्हटलं. शोध होता तेव्हा दोघींचा, आणि चूक झाली तर एकट्या त्यांची? ती भिंत आम्ही शेजारी बसून घातली होती."

तुझ्यासाठीच केलं गं तिने, मी म्हटलं. ते माहीत आहे, म्हणूनच फोन करवेना, ती म्हणाली. आता तिने मासिकाला लिहिलंय की त्या दुरुस्तीखाली माझंही नाव घाला. मी विचारलं, नवीन नोकरीत याचा जाब विचारणार नाहीत?

"विचारू देत ना."

मग तिने कॉम्प्युटर लावला. नलूने शेवटी शेवटी भिंत बदलून, लाट बाहेर जाऊ देऊन केलेलं काम त्यात होतं. प्राजक्ता आपल्या डावीकडच्या खुर्चीत बसली. उरलेली खुर्ची नलूची, तिच्यात मी बसले. नलू एक पाय पोटाशी दुमडून बसायची, त्यामुळे ती गादी एकाच अंगाला दबली आहे, बसलं की माणूस उजवीकडे कलतं. पडद्यावर बुध होता आणि त्याच्या मागे लांब, सरळ शेपटी. आम्ही बराच वेळ बघत होतो. शेपटी हलली नाही. मी मात्र कललेलीच होते, आणि सरळ होऊन बसावंसं काही वाटलं नाही.