वाडीने जिंकलेला खटला

विद्यापीठाच्या त्या राज्यघटना-अभ्यास केंद्राचं कुणी कौतुक केलं की अजून माझं डोकं फिरतं.

साठीच्या दशकातली गोष्ट. पावसाळ्यात धरणाचं पाणी मावळातल्या एका डोंगरवाडीवर चढणार होतं. नोटिसा आल्या होत्या. मी पत्रकं वाटत, चौकाचौकांत ओरडत फिरणारा पोरगा. वाडीसाठी वकील शोधून थकलो होतो. तेवढ्यात केंद्राचा निरोप आला: लोणावळ्याच्या बंगल्यात विद्यार्थ्यांचं अभिरूप न्यायालय भरवतोय, विषय तुमच्याच वाडीचा. माणसं आणा, वर्तमानपत्रवाले येतील.

"हे सरावाचं कोर्ट आहे," मी वाडीला सांगितलं होतं. पण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले खरेखुरे निवृत्त न्यायमूर्ती! काळे डगले घातलेली पोरं दिवसभर भांडली. संध्याकाळी न्यायमूर्तींनी वाचलं: या कुटुंबांना असं उठवणं घटनेला धरून नाही, नोटिसा रद्द. वाडीचे म्हातारे आबा हात जोडून उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या घरातली मावशी म्हणाली, "लय गुणाचा जज हाय गं बाई!"

मग सरकारची बाजू मांडणाऱ्या पोरांना उत्तम युक्तिवादाचा चषक मिळाला. आम्हाला चहा आणि चिक्की. वर्तमानपत्रवाला एकही नव्हता.

आठवड्याने वाडीकडे चढताना उतारावर धूर दिसला, तसा मी पळतच वर गेलो. वाडीने राब भाजले होते. पालापाचोळा, शेण पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, ती त्याच जमिनीत पीक घ्यायचं असेल तरच. नोटिसा आल्यापासून कुणी काडी लावली नव्हती. वर बदली जमिनीची संमती घ्यायला आलेल्या तलाठ्याला आबांनी हाकलून दिलं होतं: "जज्जानं रद्द केलंया."

"आबा, ते कोर्ट खरं नव्हतं हो!"

"आन् जज?"

"जज खरे. पण..."

"मंग आमचं घर खोटं व्हतं व्हय रं?" आबा राखेत बसले. "त्येला हितं आन. सरकारी मान्सं येतील तवा त्येंच्यासमोर तेच वाच म्हनावं. येवढंच कर."

मी पुण्याला केंद्रात गेलो. संचालकांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. न्यायमूर्तींना आणा, नाहीतर तुम्ही या, निदान एखादा वकील द्या. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही प्रत्यक्ष प्रकरणांत पडत नाही. आमचं काम अभ्यासाचं." आणि उरलेला चहा संपवला. माणसं बुडणार, आणि यांना अभ्यास! मी टेबलावर मूठ आपटली. शिपायाने बाहेर काढलं.

मी वाडीची वाट चढत असताना आबा लांबून माझ्या मागे पाहत होते, आणखी कोण येतंय का. मी एकटाच होतो. मी तालुक्याला धावलो. तलाठी म्हणाला, संमतीची मुदत गेली, आता बदली जमीन नाही.

रोपं त्या वर्षी कधी नव्हे इतकी दाट आली. लावणीच्या आधीच पाणी राबात शिरलं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून रोपं उपटत होती, मुठीमुठीच्या जुड्या बांधून काठावर फेकत होती. "वेच की रं, बघत काय ऱ्हायलास!" ती माझ्यावर ओरडली. मी वेचत राहिलो. हिरव्या मुठींचा ढीग झाला. तो लावायला जमीन कुठे होती?