जुळलेला आकडा

माणसं दगा देतात हे मला ठाऊक होतं. आकडाही देतो, हे माझ्या ताईला तो दगा बसला तेव्हा कळलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

सोलापुरात आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा भरतो. मी कंपनीत डेटाबेसचं काम करते, म्हणून परिचय पुस्तिकेची यादी माझ्या गळ्यात पडली. हो म्हटलं ते ताईसाठी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेत शिकवते. मागच्या मेळाव्यात ‘वय जरा जास्तच वाटतंय’ असं एका बाईंनी तिला तोंडावर ऐकवलं, तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता. मीच हात धुऊन मागं लागले. “पुस्तिका मी करणार हाय, तुझी माहिती कशी झकास छापते बघ की!” तिचा फॉर्मसुद्धा मीच भरला. शेवटी ती म्हणाली, “तुझ्या भरवशावर येते. पुन्हा न्हाय.”

आमची आई एकुलती एक, त्यामुळं आम्हाला मामा नाही. लहानपणी एका लग्नात नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहिलेला बघून ताई रडायला लागली होती, माझ्या मागं कोण उभं राहणार म्हणून. मी सहा-सात वर्षांची असेन. “मी राहीन की,” असं ठसक्यात सांगून तिला गप्प केलं होतं.

मेळाव्याच्या सेक्रेटरीकाकांची अट एकच, यादी मामाच्या गावाप्रमाणे लावायची. आमच्याकडं स्थळ बघताना पहिला प्रश्न तोच असतो. मामा कुठले? जेऊरचे, मोडनिंबचे, टेंभुर्णीचे. मामा कळला की घराणं कळलं म्हणतात. म्हणून मी दोन तक्ते केले, एकात स्थळं, दुसऱ्यात त्यांचे मामा. दोन्ही जोडून यादी काढली. फॉर्म आले होते दोनशे बारा. यादीत ओळी किती? दोनशे बारा! जीव भांड्यात पडला. लगेच काकांना फोन केला, “टोटल जुळली काका, द्या छापायला.”

मेळाव्याला ताई मोरपंखी साडी नेसून आली. लई दिवसांनी तिला असं नटलेलं बघत होते. खुर्चीत बसून तिनं पुस्तिका पहिल्या पानापासून चाळली, मग शेवटापासून मागं चाळली.

“माझं नाव न्हाय गं ह्यात.”

“असं कसं? नीट बघ की.”

“रोज हजेरी घेते मी. नाव असलं तर दिसतं मला.”

माझं टाळकंच सरकलं. तडक स्टेजपाशी गेले आणि चारचौघांत काकांवर तोंड सोडलं. “कुणाच्या सांगण्यावरून काढलं नाव? वय झालं म्हणून? आमच्याकडनं राबून घेतलं आणि आमच्याच माणसाला वगळलं?”

काका म्हणाले, “पोरी, यादी तूच दिलीस की. दिलीस तश्शी छापली. दोनशे बारा म्हणालीस, मोज, दोनशे बाराच हायत.”

मी मागं वळले तर ताईची खुर्ची रिकामी होती.

घरी आले. ताईनं खोलीचं दार लावून घेतलं होतं. मी तशीच लॅपटॉप उघडून बसले. नऊ जणांनी फॉर्मवर दोन-दोन मामा लिहिले होते. प्रत्येकाच्या दोन ओळी झाल्या होत्या, दोन वेगळ्या गावांखाली, दूरदूरच्या पानांवर. म्हणजे नऊ ओळी जास्त. आणि नऊ जणांचा मामाचा रकाना कोरा. माझी जोडणी दोन्ही तक्त्यांत सापडेल त्यालाच घेत होती. मामा नाही तो गळला. नऊ वाढले, नऊ गळाले, बेरीज तीच. मेला आकडा!

पण त्याला किती शिव्या घालणार? नुसती टोटल बघू नका, कोण दोनदा आलं आणि कोण गळलं ते बघा, असं ऑफिसात नव्या पोरींना मीच बजावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. छापायला देण्याआधी सख्ख्या बहिणीचं नाव एकदा शोधायचं मला सुचलं नाही.

मग पुन्हा लिहिलं. आधी सबक्वेरी, म्हणजे आतला एक छोटा प्रश्न, जो प्रत्येकाचा एकच मामा उचलतो. मग जोडणी अशी, की मामा नसला तरी माणूस यादीत राहतो. उत्तर आलं दोनशे बारा. या खेपेला ते खरं होतं, पण मला त्या आकड्याकडं बघवेना.

चहाच्या वेळेला ताई बाहेर आली. मी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. “आत्ता काकांना पाठवते, सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल. बघ, तू आहेस आता.” लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

तिनं शांतपणे आपली ओळ शोधली. नाव, शिक्षण, नोकरी, सगळं बरोबर होतं. पुढं मामाचा रकाना होता. तिथं तिनं बोट ठेवलं.

“हे रिकामंच ठेवलंस व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलं, तिथं तू तुझं नाव लिहिलं असशील.”