एकटीचे दोन तास

पाहुणी दुपारी दार लावून घेते, ही बातमी फाराबूगू गावात पसरायला विहिरीवरच्या दोन खेपा पुरल्या. ताप आला असणार, असं काही बायकांचं म्हणणं पडलं. कुणीतरी तिला टाकून बोललं असणार, असं बाकीच्यांचं. तिसरं कारण कुणालाच सुचलं नाही. धडधाकट माणूस भर दुपारी खोलीत एकटं बसेलच कशाला?

सगळ्यांनी मग सितान कोनेकडे पाहिलं, कारण पाहुणी तिच्या घरी होती.

सितान पन्नाशीची, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने त्याहून. तिचा नवरा त्राओरे आणि सगळं गावही त्राओरेंचंच. आता कोने आणि त्राओरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याला चारचौघांत ‘चवळ्याखाऊ’ म्हणायचं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. रागावला तर हसं त्याचंच. लग्न होऊन आल्यापासून सितान एकटी कोने अख्ख्या त्राओरे गावाला पुरून उरली होती.

मग नवरा गेला. चाळीस दिवस गावाने तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही. कुणी शेंगा सोलत शेजारी बसे, कुणी नुसतंच. चाळिसाव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या शेतावर गेला. मुली लग्न होऊन लांबच्या गावी नांदत होत्या. सितानने उखळात बाजरी घातली, एका माणसापुरती, आणि तिला धस्स झालं. कशाचीच भीती न वाटणारी ही बाई त्या सकाळी आपल्याच अंगणात घाबरली. कुणाजवळ बोलली मात्र नाही. पुढे गावात परदेशी स्वयंसेविका येणार असं ठरलं. गावप्रमुख म्हातारा झान त्राओरे विचारत होता, “तिला कुणाकडे...” आणि सितान म्हणाली, “माझ्याकडे.”

पाहुणीचं नाव इंग्रिड, गाव नॉर्वेतलं. फाराबूगूने ते नाव एकदा ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. सितानच्या घरची म्हणून ती न्येले कोने झाली. न्येले हे सितानच्या आईचं नाव. तान्ह्या मुलांची वजनं करायला आणि बायकांना शेंगदाण्याची पेज शिकवायला ती दोन वर्षांसाठी आली होती. ही पेज इथल्या बायका तिच्या आजीच्या जन्माआधीपासून करत होत्या, पण पोरगी इतक्या हौसेने शिकवतेय म्हटल्यावर त्या मुकाट्याने शिकल्या.

पोरगी गुणी होती, यात वाद नाही. कांडायला बसली की अर्धी बाजरी उखळाबाहेर, डोक्यावर पाणी घेतलं की अर्धं अंगावर, पण हसतमुख. पहिल्या दिवशी पहाटे ती गावाबाहेरच्या वाटेने पळत सुटली, तेव्हा तीन बाप्ये काठ्या घेऊन तिच्या मागे धावले. तिच्या मागे काय लागलंय ते बघायला. काहीच लागलेलं नव्हतं, ती उगीचच पळत होती. तेही गावाने पचवलं. पण दार लावून बसणं काही पचेना.

सितानने उपाय केला. दुपारच्या पाळ्या लावल्या.

पहिली पाळी शेजारच्या वोरोकियाची. ती शेंगांचं टोपलं घेऊन सरळ आत शिरली आणि न्येलेच्या पलंगावर बसली. न्येले पुस्तक वाचत होती.

“काय आहे त्यात?”

“गोष्ट.”

“मग मोठ्याने वाच की. एकटीच काय खातेस?”

दुसऱ्या दिवशी न्येले पुस्तक घेऊन आंब्याखाली गेली. तिथे आधीच चौघी होत्या. तिसऱ्या दिवशी ती पार रानात एका झाडाखाली जाऊन बसली, तर वोरोकिया डोक्यावर दोन स्टुलं घेऊन हजर. “जमिनीवर बसलीस? मुंग्या चावतील,” म्हणाली आणि दुसरं स्टूल टेकवून स्वतःही बसली. शेवटी न्येले संडासात जास्त वेळ काढू लागली. सितानने लगेच बाहेर दोघींना उभं केलं आणि पोटावरचा पाला उकळायला ठेवला. तो कडू काढा न्येलेने तीन दिवस बिनतक्रार प्यायला. पोरीचा चेहरा उतरत चालला, तशी सितानने आणखी दोन पाळ्या वाढवल्या.

महिन्याभरात न्येलेला पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस मोटरसायकलवरून आला. त्याचं नाव मासिरे. आडनाव ऐकताच सितानचे डोळे चमकले.

“त्राओरे? तरीच इथवर चवळीचा वास आला.”

“आणि कोनेबाईंनी भिंतीला कान लावून माझी वाट पाहिली,” मासिरे म्हणाला. “घरात चवळी संपली असेल.”

सगळे हसले. सितान आणखी काही बोलणार तोच त्याने हात वर केला. “पण आज मी थट्टेसाठी नाही आलो, कोनेबाई. न्येलेने पत्र लिहिलंय. तिला दुसऱ्या गावी हलवायचं म्हणतोय मी. तिथे शाळेमागे एक सुटं घर आहे.”

सितानने न्येलेकडे पाहिलं. ती मान खाली घालून चपलेचा पट्टा ओढत होती.

“माझं काय चुकलं, ते तरी सांग.”

“काही नाही, आई. तू चांगली आहेस. सगळे चांगले आहेत. पण मी रोज थोडा वेळ एकटी बसले की मला बरं वाटतं.”

“बरं वाटतं?”

“हो.”

“तुमच्याकडे सगळी माणसं अशीच?”

“बरीचशी.”

“बिचारी,” वोरोकिया मनापासून म्हणाली.

सितानला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. पण एका माणसापुरती बाजरी घातलेलं ते उखळ तिला आठवलं. “किती वेळ हवा हिला?” तिने मासिरेला विचारलं.

“रोज दोन तास. दुपारच्या नमाजापासून. पंधरा दिवसांनी येईन. एक दिवस जरी चुकला, तरी तिला घेऊन जाईन.”

“दिले,” सितान म्हणाली. “कोनेचा शब्द आहे. त्राओरेचा असता तर लिहून घ्यावा लागला असता.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सितान न्येलेच्या दाराशी स्टूल टाकून राखणीला बसली. कुणालाही आत सोडायचं नाही. पहिल्याच दिवशी वोरोकिया आली.

“आत का नाही जायचं?”

सितानने सांगायला सुरुवात केली. ते सगळं काही उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वोरोकिया बसली. तिची जाऊ तिला शोधत आली, तिलाही पहिल्यापासून सांगावं लागलं. चौथ्या दिवशी दाराबाहेर चौदा माणसं होती, निखाऱ्यावर चहाची किटली होती आणि एकीची वेणी घातली जात होती. न्येलेचा एकांत अख्खं गाव राखत होतं, आणि तेही मोठ्या आवाजात. म्हातारा झान त्यांना गप्प करायला आला आणि तिसरा पेला होईपर्यंत हलला नाही. आपल्या पळालेल्या गाढवाची हकिकत त्याने काढली. ती रोज थोडी पुढे सरके आणि रोज कुणीतरी त्याला मध्येच खोटं पाडी.

“गाढव नदी पोहून गेलं,” झान म्हणे.

“त्या वर्षी नदीला पाणी होतं कुठे?” सितान विचारी. “त्राओरेचं गाढव धन्यासारखंच. चालत गेलं आणि पोहलो म्हणून सांगितलं.”

पंधराव्या दिवशी हकिकत रंगात आली असताना दार उघडलं. न्येले पुस्तकात बोट घालून उंबऱ्यात उभी होती.

“मग गाढव सापडलं कुठे?”

“आत जा,” सितान म्हणाली. “अजून तास व्हायचाय.”

“पण मला ऐकायचंय, आई. दोन आठवडे दाराला कान लावून ऐकतेय. अर्धं कळतच नाही.”

“उद्या ऐक. सकाळी ऐक. आज मासिरे येणार आहे. तू बाहेर दिसलीस की संपलं.”

“मी नाही जाणार आत,” न्येले म्हणाली आणि वोरोकियाशेजारी मांडी ठोकून बसली. कोणीतरी तिच्या हातात पेला दिला. झानने गाढव पुन्हा नदीकाठी आणून उभं केलं.

सितान उठली. शब्द दिलेला होता, रोज दोन तासांचा. खोली रिकामी होती आणि तास पुरे व्हायचे होते. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मासिरेची मोटरसायकल वाजली तेव्हा बाहेर हास्यकल्लोळ चालला होता. न्येले डोळे पुसत हसत होती. मासिरेचा चेहरा गंभीर झाला.

“हे दोन तास? कोनेबाई कुठे आहेत?”

न्येलेने खोलीकडे बोट दाखवलं. मासिरेने दार ढकललं.

सितान पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता आणि कपाळावर घाम होता.

“काय करताय इथे?”

“तिला बाहेर बसायचं होतं,” सितान म्हणाली. “शब्द मी दिलाय. तिच्या वाटचं मी बसतेय. ज्या दिवशी तिला नको वाटेल त्या दिवशी मी बसेन. मला इथे फार भीती वाटते, मासिरे, पण बसेन. हिला नेऊ नकोस.”

चवळीबद्दल बोलायला मासिरेने तोंड उघडलं आणि मिटलं. मागून न्येले आत आली आणि सितानजवळ बसली. सितानने लगेच तिला कोपराने ढकललं.

“तू बाहेर हो. दोघी बसलो तर तो एकांत धरला जाणार नाही.”

“मी कुठेच जात नाही, आई,” न्येले म्हणाली. “इथून नाही, फाराबूगूतूनही नाही.”

सितानने मासिरेकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने पलंगाचा काठ सोडला, लुगड्याच्या टोकाने कपाळ पुसलं आणि दोन तासांची दोन बोटं दाखवली.

“मग दार लावा आणि जा दोघं,” ती म्हणाली. “अजून थोडा वेळ राहिलाय.”