भटूच्या सायकलचा पत्र्याचा डिरेलर

फोन भटूच्या बायकोचा, वहिनींचा होता. मी केळीच्या बागेत होतो. "भाऊ, लवकर या... हे उठतच नहीत." शहाद्याला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भटूचं हृदय दुकानातच बंद पडलं, हातात पाना होता म्हणे. आता महिना उलटला, तरी भेटेल तो विचारतो, "सायकलवरून घाटात पडला का?" नाही हो! घाटात नाही पडला. आणि कसा नाही पडला, ते आठवूनच मला घाम फुटतो.

मी मुळातच भित्रा. प्रकाशा गावच्या पुलावरून जाताना अजून तापीकडे बघत नाही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा शाळेपासूनचा मित्र भटू म्हणाला, सायकल चालव. त्याचं सायकलचंच दुकान. मी ट्रॅक्टर घ्यायला गेल्यासारखा बोललो, "एकवीस गियरवाली दे." आमच्याकडे सगळे असेच गियर मोजतात. भटूने कपाळावर हात मारला. "अरे भो, कितला शेतस ते नको मोजू, कसाना शेतस ते देख!" गियर किती ते नव्हे, कशाचे बनलेत ते बघायचं, म्हणून त्याने तीन डिरेलर समोर ठेवले. डिरेलर म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा, मागच्या चाकाजवळचा हात. स्वस्तातला पत्र्याचा, रिबिट मारलेला, वाकला की फेकायचा. मधला ॲल्युमिनियमचा, स्क्रू खोलून दुरुस्त होणारा. आणि महागडा, पिसासारखा हलका. "तो शर्यतवालासना. आपले मधलाच बस."

माझ्या सायकलला त्याने मधलाच बसवला. मग दर रविवारी मोलगीचा घाट. उतारावर तो पुढे, मी त्याच्या पाठीवर नजर खिळवून मागे. तो पुढे आहे म्हटल्यावर मला भीती वाटायची नाही. शेवटच्या चढाला मात्र तो उतरून चालायचा, गुडघा दुखतो म्हणायचा. मी चिडवायचो, "काय रे, म्हातारा झालास?"

दिवसकार्य झाल्यावर त्याची मुलगी वैशू म्हणाली, "काका, रविवारले पप्पासनी सायकल मीच चलावसू." म्हटलं, आधी बघू तरी. मागचं चाक उचललं आणि डिरेलर बघितला. पत्र्याचा! कुणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, वाकलेला, ठोकून सरळ केलेला. मोठ्या चक्रावर चेन गेली असती तर तो थेट स्पोकमध्ये घुसला असता, चाक जागीच जाम. म्हणून भटूने स्क्रू आवळून ते चक्रच बंद केलं होतं. चढाचा सगळ्यात हलका गियर त्याच्याकडे नव्हताच. कसला गुडघा आणि कसलं काय! अरे गाढवा, कपाट भरून माल होता ना तुझ्याकडे? आणि अशा सायकलवर तू माझ्यापुढे घाट उतरत होतास? मी तिथेच दुकानात रडलो, रागाने रडलो.

वैशू काही ऐकेना. मी माझ्या सायकलचा डिरेलर काढून तिला भटूच्या सायकलवर बसवायला लावला. कपाटात कोरे होते, पण माझा भरवसा घाटात पारखलेल्यावरच.

"मंग तुम्ही कसा येशात?"

"मी जीपने येतो मागून."

चढ तिने न उतरता काढला. उतारावर पहिल्याच वळणाला ती दिसेनाशी झाली आणि मी डोळे गच्च मिटून देवाचा धावा सुरू केला. जीपवाला हसत होता, हसू दे. डोळे उघडले तर ती कडेला उभी. उडी मारून धावलो. "काय झालं गं? पडलीस?"

एका हाताने सीट उचलून, दुसऱ्याने पेडल फिरवत, ती चेनकडे कान लावून वाकली होती. भटू असाच वाकायचा, डोळे बारीक करून.

"काका, चूप बसा ना," ती म्हणाली. "ऐकी ऱ्हायनू."

मीही तिच्याशेजारी वाकून चेनला कान लावला.