मेरेवालेसीनं न घेतलेला पापा

मेरेवालेसीचा ओठ तरणेपणापासून उतायचा. दिवसभर वाकून शिंपल्या काढल्या, डोक्यावर ऊन घेतलं, की दोन दिवसांत ओठाचा कोपरा चुणचुणायचा नि मग पाण्याच्या फोडांचा घोस. आठ-दहा दिवस धड जेवण नाही. मोआला बेटावर असे ओठ पुष्कळांचे, कोण मनावर घेतंय!

पण यंदा लेकाला, इसोआला, सुवा शहरात मुलगी झाली. तीन आठवड्यांची झाली की बोटीनं गावी आणायचं ठरलं. बाळ पहिल्यांदा आलं म्हणजे सगळं गोत जमायचं, बाळाला विणलेल्या चटया द्यायचं, नि एकेकानं मांडीवर घेऊन पापा घ्यायचा.

दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं, "मावशी, हे दुखणं जात नाही, अंगात झोपून राहतं. उन्हानं, जागरणानं उठतं. टोपी घाला, झोप काढा. ओठ चुणचुणला की त्याच दिवशी ह्या गोळ्या सुरू करा, थांबू नका. नि फोड असेल तर बाळाजवळ तोंड न्यायचं नाही. एवढंसं बाळ जिवानिशी जाऊ शकतं."

मेरेवालेसीनं दोन आठवडे समुद्राकडं पाठ केली बघ. ओठ कसा नितळ!

मग चुलतबहीण लोसेना आली, गाल धरून. "अगं, दाढ ठणकतीय. तुझ्याकडं गोळ्या हायत म्हणं."

"त्या दाढेच्या नव्हेत गं."

"गोळी ती गोळी! देतीस का नाही?"

आमच्याकडं मागितल्यावर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणारी बाई मेल्यागत. दिल्या सगळ्या.

बाळ यायच्या आधल्या आठवड्यात चटई अपुरी राहिली. तीन रात्री बसून विणली. पाहुण्यांना शिंपल्या हव्यात, म्हणून दोन दिवस पाण्यात उतरली. टोपी वाऱ्यानं नेली, ती आणायला कोण पळतंय! बोट यायच्या आदल्या दिवशी ओठ चुणचुणला. दवाखान्यात धावली, तर तिथल्याही गोळ्या संपलेल्या, नव्या त्याच बोटीनं यायच्या. सकाळी फोड वर.

बाळ आलं. मांडीमांडीवरून फिरत तिच्यापुढं आलं. ती मागं सरकली, पार दारापर्यंत.

"मला नको. ओठ उतलाय."

तिची थोरली नणंद उलामिला फिसकन हसली. "आमच्या आयांनी असल्याच ओठांनी आपले मुके घेतले, मेलो का आपण?"

"वन्सं, सिस्टर म्हणाली..."

"सिस्टर म्हणाली! सून शहरातली आली म्हणून डूख धरलाय, सरळ सांग की!"

सुनेचा, केलेराचा, चेहरा उतरला. "आई, एकदाच. नुसतं कपाळ."

मेरेवालेसीनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एकमेकांत घट्ट धरले. "नाही गं माझे बाई."

लोसेना कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. तिला कोण काय बोलणार? दिलेलं दिलं.

तिसऱ्या दिवशी बोट परत निघाली. केलेरानं होडीत बसताना सासूकडं पाहिलं नाही. इसोआनंच बाळाचं तोंड किनाऱ्याकडं वळवून धरलं, पण उन्हाचं फडकं होतं वर. हनुवटी तेवढी दिसली.

खपली नवव्या दिवशी पडली. उलामिला अजून तिच्या चुलीला येत नाही.