माझ्या लग्नातले दोन मासे

आमच्या घरात दोन मासे होते आणि त्यांचा गावात बाबांपेक्षा जास्त मान होता. मी हे चेष्टेत म्हणत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या मॉरिशसला वादळांचे दिवस सुरू झाले की, लोक आमच्या पडवीत यायचे, बाबांना ओझरतं "बरं हाय ना?" विचारायचे आणि थेट काचेच्या टाकीपुढे जाऊन उकिडवे बसायचे.

हे मासे आम्हाला मोंतान्य ब्लांशच्या चिनी दुकानदाराने दिले. तो दुकान हलवून रोझ हिलला निघाला होता. जाताना पावाच्या जुन्या कपाटाच्या काचा जोडून केलेली टाकी, तळाची वाळू आणि दोन मासे त्याने बाबांच्या हवाली केले. ते होते बोटभर जाड आणि वीतभर लांब, मातकट रंगाचे, तोंडाशी मिशांचे झुपके. आम्ही त्यांना वाम म्हणायचो, कारण दिसायला ते वामेच्या पिल्लासारखे होते. लोच हे त्यांचं खरं नाव मला फार पुढे एका पुस्तकात सापडलं.

त्यांची तऱ्हा काही औरच होती. पहिल्याच दिवशी दोघे कुशीवर पडले, डोळे उघडे, कल्ला हलेना. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. आई लवकर गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिने माशांना पाहून गळा काढला, "अगो, मेले गो बिचारे!" आणि सूप घेऊन त्यांना उचलायला गेली, तर दोघे असे उसळले की तिचं लुगडं चिंब झालं. त्यानंतर ते रोजच असे मरायचे. कधी वाळूत पुरून घेऊन नुसत्या मिशा बाहेर ठेवायचे. कधी वर येऊन हवेचा घोट घ्यायचे आणि थोड्या वेळाने तीच हवा मागच्या बाजूने बुडबुडे काढत सोडायचे. आत्या ते बघायची आणि पदर तोंडाशी धरून हसत सुटायची. बोट पाण्यात घातलं तर मांजरासारखं अंग घासायचे.

पण वादळ यायचं असलं की त्यांच्या अंगात यायचं. वरून खाली, खालून वर, काचेवर डोकं आपटत नुसती धावाधाव. हे दुकानदाराने देतानाच सांगितलं होतं, पण बाबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग एका उन्हाळ्यात आकाश निरभ्र असताना मासे दीड दिवस असे पिसाळले. बाबांनी मनात काही आणून छप्पर दोराने करकचून बांधलं. तिसऱ्या दिवशी जे वादळ आलं, त्यात अर्ध्या गावाचे पत्रे उसात जाऊन पडले आणि आमचा एकही हलला नाही. त्या दिवसापासून आमची पडवी म्हणजे हवामान खातं झाली. बाबा भाव खाऊ लागले.

मला बघायला रिव्हिएर दू रांपारहून जो मुलगा आला, तो शाळामास्तर होता. पाव्हणे चहा घेत होते आणि हा टाकीपाशी जाऊन बसला. बाही दुमडून त्याने बोट पाण्यात घातलं. मासा आला, अंग घासून गेला. मग त्याने मला एकच प्रश्न विचारला, "हे झोपतात कवा?"

मी म्हटलं, "इचारून सांगते."

तो इतका हसला की आतून आत्या बघायला आली. मला तो तिथेच आवडला. उगीच लाजण्यात काय अर्थ आहे, आवडला म्हणजे आवडला.

उन्हाळ्यात आमच्यात लग्न कोणी धरत नाही. पण त्याची बदली रॉड्रिग्स बेटावर झाली होती आणि बोट होती गुरुवारी. पुढची बोट कधी, ते सांगता येत नव्हतं. तो एकटा गेला असता तर वर्षभर तरी परत येणार नव्हता. म्हणून रविवारचा मुहूर्त धरला. बांबू, ताडपत्री आणि नारळाच्या झावळ्या आणून शेजाऱ्यांनी अंगणात मांडव घातला.

शनिवारी सकाळी मला हळद लागली. हळद लागलेल्या मुलीने घरात बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, ही आत्याची सक्त ताकीद. आमच्याकडे हळद नुसती नवरीला लागत नाही. आधी जातं, उखळ, उंबरा, गोठ्यातली गाय, सगळ्यांना बोट लावायचं. आत्याने त्या दिवशी बाबांच्या सायकललासुद्धा सोडलं नाही.

दुपारी पडवीतून आरडाओरड ऐकू आली. मासे पिसाळले होते. कधी नव्हे इतके. एक तर उडी मारून टाकीबाहेर पडला, त्याला फडक्यात धरून परत सोडावा लागला. मांडव घालणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वारा अजिबात नव्हता, पान हलत नव्हतं. "अशीच शांतता असते आधी," कोणीतरी म्हणालं. खिडक्यांना फळ्या ठोकायला लोक आपापल्या घरी पळाले.

बाबा सायकलवर कुठेतरी जाऊन आले आणि आल्याबरोबर हुकूम सोडला. "सिक्लोन येतोय. लासाल उतरवा," ते म्हणाले. लासाल म्हणजे मांडव. मग माझ्या चुलतभावाला हाक मारून म्हणाले, "रिव्हिएर दू रांपारला जा. सांग, लगीन पुढं ढकललंय."

पुढे! मी आतल्या खोलीत, हळदीने पिवळी, आणि बाहेर एकेक बांबू खाली पडल्याचा आवाज. मग असा संताप आला की विचारू नका. दोन माशांनी माझं लग्न मोडायचं म्हणजे काय! मी उठले, उंबरा ओलांडला आणि तरातरा टाकीपाशी गेले.

पाणी पिवळं होतं, माशांच्या धावाधावीत ते कोणी बघितलंच नव्हतं. वर तेलाचा तवंग, त्यात तरंगणारे हळदीचे कण.

"आत्या!" मी ओरडले. "माशांना हलद लावलीस?"

आत्या स्वयंपाकघरातून शांतपणे आली. "लावली तर! घरातल्या सगल्यांना लावली. ते काय बाहेरचे हत? हातात ठरंनात, म्हून वाटीच वतली."

मग मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. मी आणि आत्याने मिळून पाणी उपसलं, काचा पुसल्या, वाळू धुतली, पिंपातलं ताजं पाणी भरलं. मासे सोडले. उरलेले पाच-सहा जण टाकीभोवती बसले. बाबा मागे उभे होते. मासे अजून धावत होते. मी बोट पाण्यात घालून बसले. हे खरोखरच वादळ असेल तर? असं सारखं वाटत होतं. ते धावत राहिले, मग दमले, मग एक खाली गेला. दुसरा आला, माझ्या बोटाला अंग घासून गेला. थोड्या वेळाने दोघे कुशीवर पडले, डोळे उघडे, कल्ला हलेना.

"मेले!" आत्या आनंदाने ओरडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चुलतभावाला आणायला माणूस धावला. बस नेहमीसारखी उशिरा होती, त्यामुळे तो नाक्यावर लिमोनाद पीत सापडला. शेजारी हसत हसत परत आले, बांबू पुन्हा उभे राहू लागले. आत्याला सगळे चिडवत होते आणि ती कोणाला दाद देत नव्हती.

ऊन उतरल्यावर बाबा एकटेच कोपऱ्यातला शेवटचा बांबू बांधत होते. मी उंबरा ओलांडलाच होता, तेव्हा तशीच त्यांच्याजवळ गेले. दुपारपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. वादळाची सूचना आली की पोलीस ठाण्यावर लाल झेंडा चढतो, आणि बाबा सकाळी फुलं आणायला ठाण्यावरूनच गेले होते.

"बाबा, ठाण्यावर झेंडा व्हता का?"

"नव्हता."

"येताना बघितलास?"

"दुपारी परत जाऊन बघून आलो. मानसं खिडक्या ठोकत व्हती तवा."

"मग लासाल कशाला उतरवलास?"

ते दोर ओढत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"वर्षभर तरी ऱ्हायली असतीस," ते म्हणाले.

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. हळदीच्या हातांनी बांबू धरून उभी राहिले आणि त्यांनी गाठ मारली, मग त्यावर दुसरी, मग तिसरी.

लग्न थाटात झालं. आकाशात ढग नव्हता. गुरुवारी आम्ही बोटीवर चढलो. रॉड्रिग्सला चुलतभावाचं पहिलं पत्र आलं, त्यात त्याने लिहिलं होतं की मांडव उतरवताना कोपऱ्यातला तो बांबू काही केल्या सुटेना, शेवटी उसाचा कोयता आणून दोर तोडावा लागला.