माखोत्सो आणि बाराचा ट्रक

माखोत्सोला खोत्सो नावाचा मुलगा कधी झालाच नाही. आमच्यात सून घरात आली की होणाऱ्या मुलाचं नाव आधीच ठरवतात आणि त्याला 'मा' जोडून तिला हाक मारायला लागतात. तिचा नवरा सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत गेला तो आलाच नाही. मूल नाही, नवरा नाही, नाव तेवढं राहिलं. बावीस वर्षं ती मासेरू या आमच्या राजधानीतल्या जीन्सच्या कारखान्यात नऊ नंबरच्या लाइनवर शेवटची तपासणी करते आहे. त्या लाइनची मशीनं दुरुस्त करणारा मी, मोहापी. तिची बोलणी खाण्यात माझा पहिला नंबर लागतो.

"न्ताते मोहापी, मशीन दुरुस्त केलंय की नुसती समजूत काढलीय त्याची?" असं ती सगळ्यांसमोर विचारते, आणि लाइनवरच्या बायका हसतात. न्ताते म्हणजे बाबा, म्मे म्हणजे आई; आमच्यात मोठ्या माणसांना अशीच हाक मारतात.

खोटं तिला बोलताच येत नाही. एका लग्नात नवरीच्या आईला तिनं तोंडावर सांगितलं होतं की झग्याची शिवण तिरकी आहे. तिच्या हातून वाईट पँट खोक्यात गेली, असं कुणी म्हणू शकत नाही.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर मालिनेओ बसायची. पँटच्या कमरेला पट्ट्याचे लूप टाचायचं मशीन तिचं. दोघींनी वीस वर्षं एका डब्यातली मक्याच्या पिठाची पापा आणि पालेभाजी खाल्ली. गेल्या आठवड्यात मंगळवारी मालिनेओ गेली. जाण्याआधी तिनं माखोत्सोकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, मला मूठमाती तू स्वतः द्यायचीस. दुसरी, माझ्या लिनेओला माझ्या मशीनवर बसवायचंस. लिनेओ तिची मुलगी, विशीतली, दोन वर्षं कारखान्याच्या फाटकाबाहेर रोज सकाळी कामासाठी उभी राहणारी. मॅनेजर म्हणाला, "लाइन राहिली तर सोमवारपासून बसू दे तिला."

लाइन राहिली तर! समुद्रापलीकडच्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी आकडा लिहिला होता. रविवार उलटल्यावर जहाजात चढणाऱ्या आमच्या मालावर किमतीच्या निम्मा कर. एवढा कर भरून आमची पँट कोण घेणार? ते लोक दुसऱ्या देशाकडून घेतील आणि आम्ही बसू हात चोळत. आमच्याकडे विकायला आहे काय, पाणी, लोकर, थोडे हिरे आणि या पँटी. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, शनिवारी बाराला ट्रक दर्बान बंदराकडे सुटला तर माल वेळेत चढेल आणि नऊ नंबरची लाइन चालू राहील. नाही सुटला तर लाइन बंद.

आणि मालिनेओचं दफन शनिवारीच, सकाळी अकराला, मझेनोद गावाच्या पलीकडे. आमच्याकडे दफन शनिवारी होतं आणि त्याला कुणी चुकत नाही. कबर खणायला पुरुष पहाटे जातात. मी गेलो नाही, ही लाज माझ्या वाट्याची.

तरी हिशोब बसत होता. शनिवारी सकाळी नऊला काम संपलं. आम्हाला दफनाला नेणारी कोंबी व्हॅन फाटकाशी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बायकांनी दफनाला पांघरायच्या, खुर्च्यांच्या पाठीवरच्या ब्लँकेटी खांद्यावर घेतल्या. माखोत्सोनं सवयीनं शेवटचा एक खोका उघडला, वरची पँट काढली आणि तशीच उभी राहिली.

मी जवळ गेलो. लूप दोन बोटं खाली टाचलेले होते. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. तेच.

कधीचा माल ते आम्हाला लगेच कळलं. आमची लाइन गाण्यावर चालते. गाणं जलद असलं की हात जलद, आणि पुढच्या बाईनं लूप ठेवला की मागचीनं कापड कधी सरकवायचं हे तालावरच ठरतं. मंगळवारी मालिनेओ गेल्याचा निरोप आला तेव्हा कुणीतरी दफनाचं गाणं सुरू केलं. संथ, ओढलेलं. हात ताल सोडेनात, डोळे भरलेले, आणि कापड दरवेळी पुढे सरकून जायचं. त्या दुपारच्या तीनशे पँटी अशाच निघाल्या होत्या. त्या दिवशी निरोप मिळताच माखोत्सो मालिनेओच्या घरी गेलेली, म्हणून तपासायला कुणी नव्हतं.

सुपरवायझर रेफिलोए हळूच म्हणाली, "म्मे, बंद करा तो खोका. कोण बघतंय तिकडे?"

"ज्याला माल परत करायला निमित्त हवंय, तो बघेल."

"दफन अकराला आहे, म्मे."

"मला माहीत नाही का?"

लाइनवरची सगळ्यात धाकटी न्थाबी पुढे झाली. "तुम्ही जा. आम्ही उसवून परत टाचतो."

"लूपच्या मशीनवर कोण बसेल? तू? काल तुझा लूप पार खिशावर गेला होता."

कुणी हसलं नाही. माखोत्सोनं खांद्यावरची ब्लँकेट काढून घडी घातली आणि मालिनेओच्या खुर्चीवर बसली. मग एकेक करून सगळ्या बसल्या.

पुढचे तीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. दोनदा सुई तुटली. दुसऱ्यांदा स्क्रू माझ्या हातून खाली पडला आणि मी गुडघ्यावर बसून तो शोधत राहिलो. तिनं एकही टोमणा मारला नाही. त्यानं मला जास्तच भीती वाटली. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही, नुसती मशीनं खडखडत होती. अकरा वाजले तेव्हा तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. फक्त ओठ हलले, आणि पुढची पँट ओढली.

बाराला पाच कमी असताना शेवटचा खोका ट्रकमध्ये चढला. ट्रक सीमेवरच्या पुलाकडे वळला आणि आम्ही कोंबीत कोंबून बसलो.

अर्ध्या वाटेत रेडिओवर बातमी आली. करासाठी ठरलेली तारीख तीन महिने पुढे ढकलली होती. सकाळीच ठरलं म्हणे. एवढंच, आणि लगेच साबणाची जाहिरात. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. मला इतका संताप आला की कोंबीतून उडी मारून पळत सुटावंसं वाटलं, पण पळून कुणाला गाठणार होतो? माखोत्सोनंही ते ऐकलं होतं; ती खिडकीबाहेर बघत होती.

पोहोचलो तेव्हा कबर बुजवून लोक जेवायला बसले होते. फाटकाशी कोरफडीचे तुकडे टाकलेल्या पाण्याचं घमेलं होतं, कबरीवरून आलेल्यांनी हात धुवायला. शेजारी पाण्यानं भरलेला पत्र्याचा डबा घेऊन लिनेओ उभी, आणि खुर्चीवर मालिनेओची म्हातारी आई.

"सगळे आले. तूच आली नाहीस. मी सारखी वाटेकडे बघत होते."

"ट्रक होता, म्मे."

"तासभर पण सवड नाही मिळाली तुला?"

आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो. तारीख पुढे गेली, ट्रक थांबला असता तरी चाललं असतं, हे खरं माखोत्सो आता बोलून टाकणार, असं मला वाटलं.

"नाही मिळाली," ती म्हणाली. "आज तो ट्रक गेला नसता तर सगळं संपलं असतं. लिनेओची खुर्चीही गेली असती."

"मग बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "ती पण हेच करती."

"सोमवारी किती वाजता येऊ, म्मे?" लिनेओनं विचारलं.

"सातला. आणि लूप ठेवताना डोळे पुसून ठेव."

मग ती एकटीच कबरीकडे गेली, मूठभर माती टाकली आणि परत येऊन घमेल्यावर वाकली. ट्रकबद्दल ती म्हातारीला जे बोलली, ते बावीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं खोटं होतं. लिनेओ पाणी ओतत राहिली. डबा रिकामा झाला तरी माखोत्सोनं हात मागे घेतले नाहीत.